सेशेल्समधले सहा दिवस आणि मान आत न घेणारी कासवं

सेशेल्सला जाऊन समुद्रात पाऊलही न बुडवता परत आलेलं माणूस बघायचं असेल तर आमच्या आईला भेटा. "पाणीच ते, किती वेळ बघायचं?" हे तिचं समुद्राबद्दलचं एकूण मत. तिला बघायची होती कासवं. २००६ साली कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातलं 'अद्वैत' नावाचं कासव गेलं, तेव्हा पेपरात आलेली बातमी तिने कापून वहीत चिकटवली होती. रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं कासव, वय अडीचशे वर्षं, वगैरे. वयाचा पक्का पुरावा कोणाकडेच नव्हता. पण ते कुठलं, ही गोष्ट पक्की होती. अल्डाब्राचं महाकाय कासव. सेशेल्स देशातल्या एका दूरच्या प्रवाळबेटावरून आलेलं.

यंदा एप्रिलमध्ये मी तिकिटं काढली, तेव्हा सत्तरीतली आई गुडघ्याचे पट्टे, लिमलेटच्या गोळ्या आणि ती वही घेऊन तयार होती.

पहिला दिवस : माहे

मुंबईहून चार-साडेचार तासांत विमान माहेला, सेशेल्सच्या मुख्य बेटावर, उतरलं. घड्याळं दीड तास मागे केली. पासपोर्टवर जो शिक्का उमटला तो कोको द मेर नावाच्या इथल्या जोड-नारळाच्या आकाराचा. आईने तो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि काही न बोलता पासपोर्ट पर्समध्ये टाकला. ज्यांनी तो नारळ पाहिलाय त्यांना कळेल ती गप्प का बसली.

व्हिक्टोरिया ही राजधानी, पण चालत तासाभरात संपते. चौकात चंदेरी रंगाचा घड्याळाचा छोटा मनोरा. आम्ही थेट गाठलं ते वनस्पती उद्यान. १९०१ साली सुरू झालेली ही बाग आहे, झाडं जुनी, सावली दाट, आणि चढाच्या एका बाजूला बुटक्या दगडी भिंतीच्या आत कासवं.

पहिल्या नजरेत कासवं दिसलीच नाहीत. काळपट करडे दगड पडलेत असं वाटलं. मग त्यातल्या एका दगडाने पाय टाकला. हत्तीच्या पायासारखा गोल, खवल्यांचा, जड पाय. तो पुढे आला, टेकला, त्यावर भार गेला, मग मागचा उचलला. आई नुसती "अगोबाई" म्हणाली.

रखवालदाराने आत जायला दिलं. मी उत्साहात समोरून गेले आणि वरून वाकून डोक्याला हात लावायला पाहिला. फुस्स! कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखा आवाज झाला आणि डोकं आत. मी दोन पावलं मागे.

"चिडला," आई म्हणाली.

चिडला नव्हता. कासवाचं कवच काही फुगत-आकसत नाही, बरगड्या आणि पाठीचा कणा त्याच्यातच जुळलेले असतात. डोकं आणि पाय झटक्याने आत ओढले की आतली जागा कमी होते, फुप्फुसं दाबली जातात आणि हवा बाहेर पडते. तोच हा फूत्कार. तरीही मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलो आणि पहिल्याच भेटीत पाहुण्याने तोंड फिरवलं.

आणि आत घेतलं म्हणजे तरी किती? आपल्याकडच्या देवळात गाभाऱ्यासमोरचं दगडी कासव आठवा. सगळं आवरून, मिटून बसलेलं. हे तसं मिटतच नाही. कवचाची पुढची कमान एवढी मोठी की डोकं आत गेलं तरी समोरून सगळं दिसतं. जाडजूड पुढचे पाय दारासारखे आडवे आले, पण फट राहिलीच. घराला दार आहे, पण कडी नाही, असा प्रकार.

मग आम्ही भिंतीवर बसून नुसतं बघत राहिलो. रखवालदाराने पाल्याच्या फांद्या आणून दिल्या होत्या. कासवाला दात नसतात. चोचीसारख्या कडक, धारदार कडा असतात. पान धरायचं, मान मागे खेचायची, तुकडा तोडायचा, आणि मग जाड गुलाबी जिभेने आत ढकलायचा. मध्येच थांबून आपल्याकडे बघायचं. जेवणारा माणूस बोलता बोलता विचारात पडावा तसं.

मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक छोटं, बोटभर खवलं असतं. रखवालदाराने ते मुद्दाम दाखवलं. पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवरच्या महाकाय कासवांना ते नसतं. दिसायला दोन्ही भावंडं वाटतात, पण नातं लांबचं. तिकडची दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या कासवांपासून आलेली, इकडची मादागास्करकडून. नर-मादी ओळखायचं तर शेपूट बघायची. नराची लांब, आणि पोटाकडचं कवच आत खोलगट.

"आणि वय? त्या वळ्या मोजून?" आईने विचारलं. मी तो भ्रम घरूनच दूर करून आले होते. खवल्यांवरच्या वळ्या म्हणजे झाडाची वलयं नव्हेत. म्हाताऱ्या कासवाचं कवच तर घासून गुळगुळीत झालेलं असतं. मोजायला काही उरतच नाही.

आईने बाजूने जाऊन कवचावर तळवा ठेवला. "ऊन आहे गं. तवा उतरवून ठेवल्यासारखं." कवचाला स्पर्श कळतो, त्याच्याखाली जिवंत हाड आणि नसा असतात, हे सांगितल्यावर तिने हात हलकेच काढून घेतला.

दुसरा दिवस : प्रालँ

सकाळच्या बोटीने प्रालँ बेट. तासाभराचा प्रवास, त्यातला पाऊण तास माझा कागदी पिशवी हातात धरून गेला. आई लिमलेट चघळत ठणठणीत.

दुपारी वाले द मे हे माडांचं जंगल बघितलं. १९८३ पासून जागतिक वारसा. कोको द मेरचे माड नैसर्गिकरीत्या फक्त प्रालँ आणि शेजारच्या क्युरियूज बेटावर उगवतात आणि त्यांचं बी वनस्पतिसृष्टीतलं सगळ्यात मोठं. पंख्यासारखी पानं एवढी प्रचंड की वारा आला की पत्र्याचं छप्पर वाजल्यासारखं वाजतं. आईने अर्धी करवंटी हातात घेतली आणि म्हणाली, "अगं, हे तर फकिराच्या हातातलं भांडं!" बरोबर होतं तिचं. समुद्रावर तरंगत आपल्या किनाऱ्याला लागलेल्या ह्या करवंट्यांचीच ती भिक्षापात्रं बनायची. गंमत म्हणजे जिवंत, रुजू शकणारा नारळ पाण्यात बुडतो. तरंगत येतो तो पोकळ, मेलेला. त्यामुळे हे झाड कधी समुद्र ओलांडून पसरलंच नाही. कासवाचं नेमकं उलटं आहे, पण त्याबद्दल पुढे.

राहायला एका घरातली वरची खोली घेतली होती. जाहिरातीतल्या फोटोत समुद्र खिडकीतून दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीवर पाय ठेवून चढलं तर दिसत असावा. घरमालकीण मात्र गप्पिष्ट. मागच्या अंगणात तिच्या दिराची दोन कासवं होती. तिने सांगितलं, पूर्वी इथे मुलगी झाली की कासवाचं पिल्लू आणून पाळायची पद्धत होती. मुलीबरोबर ते वाढायचं.

"छानच की," मी म्हटलं.

"आणि मग मुलीच्या लग्नात जेवणात," ती हसत म्हणाली.

आईला मी भाषांतर करून सांगितलं. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

रात्री धो धो पाऊस.

तिसरा दिवस : क्युरियूज

ह्याच दिवसासाठी सगळा खटाटोप होता. कोत दॉर किनाऱ्यावरून छोट्या बोटीने पंधरा मिनिटांत क्युरियूज. क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरही नाही, माती लाल. एकेकाळी इथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. १९६५ पर्यंत. आज कोणी कायमचं राहत नाही, फक्त वनरक्षक आणि अभ्यासाला आलेली माणसं. आणि कासवं, मोकळी. १९७८ ते १९८२ ह्या वर्षांत अल्डाब्रावरून अडीचशेच्या आसपास कासवं उचलून इथे आणून सोडली. अल्डाब्रा माहेहून अकराशे किलोमीटरवर आहे, तिथे साध्या प्रवाशाला सहजी जाता येत नाही. त्यामुळे मोकळं अल्डाब्रा कासव बघायचं तर आमच्यासारख्यांना क्युरियूज.

बोटीवाल्याने चार तास म्हणून पैसे घेतले होते. वाळूवर उतरल्या उतरल्या "अडीच तासांनी येतो" म्हणून तो गेला. वाद घालायला भाषा पुरली नाही.

बे लारेच्या किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत वनरक्षकांचं ठाणं आहे आणि त्याच्यासमोर कासवं अशी पसरलेली की पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागतं. सकाळचे साडेनऊ झाले होते, त्यांची चरायची वेळ. गवत ती गाईसारखी खातात, मान जमिनीलगत ठेवून, एका रेषेत, मागे कातरलेली पट्टी सोडत. अल्डाब्रावर तर त्यांच्या हजारो वर्षांच्या चरण्याने एक खास हिरवळ तयार झाली आहे. तिथलं गवत आणि झुडुपं इतकी खुजी झाली की बियासुद्धा अगदी जमिनीलगत धरतात, कासवाच्या तोंडाला लागू नयेत म्हणून. कोण कोणाला घडवतं बघा.

रात्रीच्या पावसाचं पाणी खडकाच्या एका खोलगट जागी साचलं होतं. पाणी कसलं, परातीत कणीक मळून झाल्यावर उरतं तेवढं. एक मोठा नर तिथे आला. त्याने मान पूर्ण खाली घातली आणि चोच नाही, नाक पाण्याला लावलं. तोंड बंद. मी गुडघ्यांवर बसून बघत होते. ओठासारखं काही हलत नव्हतं, जीभ बाहेर नव्हती, फक्त गळ्याची सैल कातडी आत-बाहेर होत होती आणि पाण्याची कड खडकावरून मागे सरत होती. मिनिटभरात खडक ओला राहिला, पाणी संपलं. ही कासवं नाकाने पाणी पितात. नाकपुड्या उभ्या आणि अरुंद असतात आणि आतली रचना अशी की पाणी वास घेणाऱ्या कप्प्यात न शिरता घशाकडे वळतं. अल्डाब्रावर गोड्या पाण्याची मारामार. तिथल्या टोकदार, भोकाभोकांच्या खडकात पावसाचं पाणी बशीभर साचतं. तिथे तोंड बुडवून प्यायचं म्हटलं तर तहानेनेच मरायचं.

"माझ्या आजेसासऱ्यांची नेती," आई म्हणाली. "पण ते नाकातून घेऊन तोंडातून सोडायचे."

ह्यानंतर चप्पल प्रकरण. आईच्या पायात लाल पट्ट्यांच्या चपला. एक मध्यम आकाराची मादी लांबून सरळ आईच्या दिशेने चालत आली. आई कौतुकाने "ये, ये" करत उभी. मादी आली, थांबली, मान तिरकी केली आणि चपलेचा पट्टा आणि त्याबरोबर आईचा अंगठा दोन्ही एकदम धरलं. आईची किंकाळी प्रालँला ऐकू गेली असेल. वनरक्षक धावत आला. जखम नव्हती, नुसता लाल वळ. त्याने सांगितलं की लाल, पिवळं काही दिसलं की त्यांना पडलेलं फळ वाटतं, नखांना रंग लावलेल्या बायकांनाही हा प्रसाद मिळतो.

"फळ समजली मेली," आई अंगठा चोळत म्हणाली. पुढचा तासभर तिने चपला पिशवीत ठेवल्या आणि अनवाणी फिरली.

त्या धावपळीतून वनरक्षकाशी ओळख झाली आणि त्याने मला ती गोष्ट शिकवली जी मी उद्यानात चुकले होते. समोरून जायचं नाही, वरून सावली पाडायची नाही. बाजूने जाऊन बसायचं, आणि मानेच्या बुडाशी, जिथे कातडी सैल सुरकुतलेली असते, तिथे बोटांनी खाजवायचं. मी खाजवलं. कातडी थंड, कोरडी, जुन्या चामडी पिशवीसारखी. आधी काहीच झालं नाही. मग मान हळूहळू लांबू लागली. लांबतच गेली. मग चारही पाय सरळ झाले आणि ते दीड-दोनशे किलोचं धूड जमिनीपासून उचललं गेलं, पोटाखालून मांजर गेलं असतं एवढं. मान वर ताणलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी थांबले तरी ते तसंच उभं.

गालापागोसला फिंच पक्षी कासवासमोर येऊन उड्या मारायला लागले की तिथली कासवं असंच अंग उचलून उभी राहतात, मग पक्षी गोचिड्या वेचतात. म्हणजे हा काही लाडावलेपणा नाही, जुना व्यवहार आहे. आईने मग सूत्रं हातात घेतली. गाईच्या मानेखाली खाजवतात तशी संथ, खालून वर, नखं न लावता. तीन कासवं रांगेत उभी केली तिने. अंगठा चावणारी मादी त्यात होती की नाही ते आता सांगता येणार नाही.

तेवढ्यात एका कुटुंबाने फोटोसाठी आपलं पोर कासवाच्या पाठीवर बसवलं. वनरक्षकाने जी शिट्टी मारली ती मघाच्या आईच्या किंकाळीला तोडीस तोड होती.

ठाण्याच्या मागे पिल्लांची बंद जागा आहे. तळहातावर मावेल असं काळं कुळकुळीत कवच, त्यावर तेरा मोठी खवली नीट मोजता येतात. पिल्लांना खेकडे आणि उंदीर सोडत नाहीत, म्हणून पाचेक वर्षांची होईपर्यंत इथे सांभाळून मग बेटावर सोडतात. इथे मला आईला थोडं दुखवावं लागलं. आपल्याकडे म्हणतात ना, कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. तिने तेच त्या वनरक्षकाला माझ्यामार्फत ऐकवलं. तो विनयाने म्हणाला की मादी मागच्या पायांनी हातभर खड्डा खणते, चेंडूसारखी गोल अंडी घालते, माती लोटते, वरून दाबते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पिल्लू नर होणार की मादी हे मातीची ऊब ठरवते. गरम असेल तर मादी, गार असेल तर नर.

"नजर नाही तर नाही," आई म्हणाली. "पण माती तरी दाबून जाते ना."

अकरानंतर सगळा देखावा बदलला. ऊन चढलं तसं एकेक कासव सावलीकडे निघालं. रांगेने, घाई न करता, पण कुठेही न थांबता. बघता बघता एका झाडाखाली दहा-बारा कासवं कवचाला कवच लावून. काही चिखलात जाऊन रुतली. हे आळसापोटी नाही. कवचाखाली अंग तापलं की थंड करायला घाम नाही. अल्डाब्रावर दुपारपर्यंत सावली न गाठलेली कासवं उन्हानेच मरतात. म्हणून सकाळी चरायला जायचं ते सावली किती लांब आहे ह्या हिशेबाने. कासव सावकाश आहे हे खरं, पण बेहिशेबी नाही.

जवळच शेणासारखा पो पडला होता. सुकलेला, न पचलेल्या काड्यांनी भरलेला. त्यात बिया स्पष्ट दिसत होत्या, आणि एकीला इवलासा हिरवा कोंब. मॉरिशसने ह्याच गुणासाठी ही कासवं आपल्या इल ओ एग्रेत बेटावर नेऊन सोडली आहेत. त्यांची स्वतःची कासवं कधीच संपली, आणि आबनुसाची फळं खाऊन बिया लांब टाकणारं कोणी उरलं नव्हतं. ते काम आता ही करतात.

लाकडी फळ्यांच्या वाटेने खारफुटीतून आन्स सां जोसेपर्यंत जायचं होतं, तिथे डॉक्टरचं जुनं घर आहे. ते जमलं नाही. बोटीवाला अडीच तासही पूर्ण न होता हजर.

चौथा दिवस : प्रालँ, पाऊस

दिवसभर पाऊस. आईचे गुडघे, माझा कंटाळा. तेव्हा कासवांचा जुना इतिहास आईला सांगत बसले.

अल्डाब्रा पूर्वी समुद्राखाली गेलं, पुन्हा वर आलं, आणि दर वेळी कासवं पुन्हा तिथे पोचली असं खडकातल्या अवशेषांवरून अभ्यासक म्हणतात. पोचली कशी? तरंगत. नारळ बुडतो आणि कासव तरंगतं, हे ते उलटं. पटत नसेल तर २००४ सालची गोष्ट ऐका. त्या डिसेंबरात टांझानियातल्या किंबिजी इथे एक अल्डाब्रा कासव समुद्रातून चालत किनाऱ्यावर आलं. खंगलेलं, आणि पायांवर समुद्री शिंपल्यांसारखे जीव चिकटून वाढलेले. त्यांच्या आकारावरून ते कित्येक आठवडे पाण्यात होतं असा अंदाज बांधला. अल्डाब्रा तिथून ७४० किलोमीटर. जमिनीवरचं कासव, ज्याला पोहता येत नाही, नुसतं तरंगता येतं.

"म्हणजे बुडालं नाही एवढंच त्याचं कर्तृत्व," आई म्हणाली. "तेही कमी नाही म्हणा."

हाच चिवटपणा त्यांच्या मुळावर आला. हिंदी महासागरातल्या ह्या दूरच्या बेटांवर शिकार करणारा मोठा सस्तन प्राणी कधी नव्हता. मोठं झालेलं कासव कोणाला आणि का भिणार? म्हणून कवचाची ती उघडी कमान, म्हणून अनोळखी माणसाकडे चालत येणं. खलाशी आले, त्यांनी त्यांना उचललं आणि जहाजाच्या तळात रचलं. अन्नपाण्यावाचून ती महिनोन्महिने जिवंत राहायची. ताजं मांस, सांभाळायचा खर्च शून्य. मॉरिशस, रेयुनियन, रॉद्रिग्ज, सगळीकडची संपली. सेशेल्सच्या ह्या ग्रॅनाइटच्या बेटांवरचीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रानातून संपली. उरलं फक्त अल्डाब्रा, कारण ते लांब, काटेरी आणि पाण्यावाचूनचं.

१८७४ साली चार्ल्स डार्विन, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर वगैरे मंडळींनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्डाब्राची कासवं वाचवायची विनंती केली. पुढे १९६०च्या दशकात ब्रिटनने तिथे लष्करी विमानतळ बांधायचं ठरवलं, तो बेत १९६७ मध्ये बारगळला. १९८२ पासून ते जागतिक वारसा आहे. आज तिथे लाखभर कासवं आहेत. सेशेल्सची लोकसंख्याही लाखाच्या जरा वर. जवळजवळ माणशी एक कासव.

"मतदानाचा हक्क द्यायला हवा," आई. आणि झोपली.

पाचवा दिवस : ला दीग

प्रालँहून वीस मिनिटांची बोट. इथे सगळे सायकलवर. मी एक भाड्याने घेतली, आईसाठी रिक्षासारखी गाडी ठरवली. फोटोंतून बघून बघून झिजलेला आन्स सूर्स दार्जांचा किनारा तिथेच आहे. सुंदर आहे, गर्दीही तेवढीच. आई खडकावर पाठ करून बसली.

वाटेत ल्युनियाँ इस्टेटमध्ये कासवांचं कुंपण लागतं. तिथे लांबूनच आवाज आला. घोगरा, खोल, लयीत, रेड्याच्या हंबरण्यासारखा. मला आधी वाटलं खोबऱ्याचं तेल काढायचा घाणा चालू आहे. नव्हता. फेब्रुवारी ते मे हा त्यांच्या मीलनाचा काळ, आणि एरवी मुक्या असलेल्या नराला तेव्हाच कंठ फुटतो. अडीचशे किलोपर्यंत वाढणारा नर, त्याच्याहून बरीच लहान मादी, आणि ती पाला खात पुढे चालतेय. कुंपणाभोवतीचे नवविवाहित पर्यटक दुसरीकडे बघत होते. आई मात्र शांतपणे म्हणाली, "तिचं जेवण चाललंय, तेवढं तरी होऊ द्यायचं."

क्युरियूज बघितल्यावर कुंपणातली कासवं मला बघवेनात. पाला भरपूर, सावली आहे, कोणी त्रास देत नाही. पण एका कासवाच्या फेरीने कुंपणालगत मातीत चर पडला होता.

संध्याकाळी मी एक चूक केली. आईला सेशेल्समधल्याच फ्रेगात बेटावरची चित्रफीत दाखवली. जुलै २०२० मधली. एक मादी कासव आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून नॉडी नावाच्या समुद्रपक्ष्याच्या पिलाच्या मागे सावकाश, ठरवून जाते. पिल्लू ओंडक्याच्या टोकापर्यंत मागे सरतं, जमिनीवर उतरत नाही. शेवटी ती त्याचं डोकं चोचीत धरते. मग गिळते. मेलेलं काही मिळालं तर ही कासवं खातात हे माहीत होतं, मेलेलं कासवसुद्धा. पण शिकार पहिल्यांदाच टिपली गेली आणि २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली.

आईने फोन परत दिला. "इतके दिवस शाकाहारी समजून खाजवत होते मी." थोड्या वेळाने, "आणि माझा अंगठा म्हणजे फळ नव्हेच."

सहावा दिवस : पुन्हा माहे

सकाळच्या बोटीने परत. विमान संध्याकाळी. व्हिक्टोरियात भर बाजारात रंगीत गोपुराचं विनायकाचं देऊळ आहे, दक्षिणी थाटाचं. आईने गणपतीला नमस्कार केला, पुजाऱ्याशी हिंदीत बोलायचा प्रयत्न केला, त्याने तमिळमध्ये उत्तर दिलं आणि दोघंही समाधानी झाले. मासळी बाजारात मी दालचिनी घेतली. सेशेल्सच्याच रुपयांत पैसे दिले, आणि आईने दुकानदाराला दोनदा विचारलं, "हा रुपया आपला नव्हे ना?"

टॅक्सीवाल्याला म्हटलं, विमानतळाआधी बागेत पंधरा मिनिटं. त्याने घड्याळ दाखवलं. आईने त्याला लिमलेट दिली.

पहिल्या दिवशी माझ्यावर फुसकारलेला तोच नर असावा. कवचाच्या डाव्या कडेला खपली निघाल्याची खूण होती. आई चपला काढून बाजूने गेली, भिंतीचा आधार घेत कष्टाने खाली बसली आणि मानेच्या बुडाशी बोटं लावली. फूत्कार झाला नाही. मान निघाली, पाय सरळ झाले. डोळ्याची पापणी खालून वर अर्धी आली. गळ्याच्या सुरकुत्यांत मातीचे कण होते, ते आई एकेक करून काढत बसली.

टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी आईला हाताला धरून उठवलं. फाटकापर्यंत गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तो अजून तसाच, मान वर ताणून उभा.

"थांब गं," आई म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात देऊन परत गेली.